मेटफॉर्मिनचं पीक पुन्हा व्हॉइडमध्ये गेलं? आधी त्याला कोण धरतंय ते बघा

"कॉलम नवा लावला आणि मेटफॉर्मिन पुढे पळालं." ही तक्रार इतक्यांदा ऐकलीय की पुढचं वाक्यही पाठ झालंय: "कॉलम खराब आलाय बहुतेक, बदलून मागू का?"

थांबा. कॉलम बहुधा चांगला आहे. खरं तर तो जरा जास्तच चांगला आहे, आणि दुखणं तिथेच आहे.

(नवख्यांसाठी: एलसी, म्हणजे लिक्विड क्रोमॅटोग्राफीत, विरघळवलेली गोळी कणांनी भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, द्रवाबरोबर ढकलतात. कण ज्याला धरतात ते उशिरा बाहेर येतं, ज्याला धरत नाहीत ते सगळ्यात आधी, म्हणजे व्हॉइडमध्ये. बाहेर पडणाऱ्याचा आलेख म्हणजे क्रोमॅटोग्राम, आणि त्यावरच्या उंचवट्याला आपल्या धंद्यात सगळे पीकच म्हणतात. एकदा गावी फोनवर "पीक फुटलं, आठवडा वाया गेला" म्हणालो, तर काकांनी काळजीने विचारलं, "कापसाचं का सोयाबीनचं?" इथे सगळीकडे पीक म्हणजे आपलं पीक.)

आता गोळी कुठली ते सांगतो. मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम आणि ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम, एकाच गोळीत. डायबेटिस असलेल्या बऱ्याच घरांत ही जोडी सापडते. औषध म्हणून जोडी चांगली, पण एलसीवाल्याला दोघांचा एकत्र संसार चालवणं अवघड. मेटफॉर्मिन पाण्यात साखरेसारखं विरघळतं. त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भार घेऊन असतात तो आकडा) १२.४ च्या आसपास आहे, म्हणजे आपण वापरू शकतो त्या कुठल्याही पीएचला ते धन भार घेऊनच फिरतं. ग्लिमेपिराइड याच्या नेमकं उलट: पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आम्लात तर नाहीच, आणि सी-१८ ला (कॉलममधल्या सिलिकाच्या कणांवर बसवलेल्या १८ कार्बनांच्या तेलकट साखळ्यांना) असं चिकटतं की सोडवायला द्रवात चांगलं ४०–५० टक्के ॲसिटोनायट्राइल हे ऑरगॅनिक द्रावक लागतं.

२५० बाय ४.६ मिलिमीटरचा कॉलम घ्या. नळीचं आतलं आकारमान साधारण ४.१५ मिलि. त्यातली सिलिकाची घन जागा वगळली की द्रवाला उरतात जवळपास २.५ मिलि. मिनिटाला १ मिलि प्रवाह असेल तर जे काहीच धरलं जात नाही ते अडीच मिनिटांत बाहेर पडतं. हाच टी-शून्य. मेटफॉर्मिन २.८ ला येत असेल तर त्याचा के, म्हणजे टी-शून्यच्या किती पट ते जास्त थांबलं तो आकडा, किती? २.८ वजा २.५, भागिले २.५, म्हणजे ०.१२. निदान १ तरी हवा, २ असला तर झोप लागते. ०.१२ ला येणारं पीक फिलर (गोळीतला भरणा), क्षार आणि डायल्युएंटचा (गोळी ज्यात विरघळवली त्या द्रवाचा) धक्का यांच्या गर्दीत उभं असतं. प्लॅसिबोचा (औषध नसलेल्या गोळीचा) रन कधी स्वच्छ, कधी नाही, आणि सिस्टिम सुटेबिलिटी, म्हणजे मोजणीआधीची मशीनची परीक्षा, त्या दिवसाच्या नशिबावर.

मग कोणीतरी सुचवतं, ऑरगॅनिक कमी करा, मेटफॉर्मिन मागे येईल. करून बघाच. ठोकताळा असा की ऑरगॅनिक १० टक्क्यांनी उतरलं की के साधारण तिप्पट होतो. ४० टक्क्यांवर ९ मिनिटांना येणारं ग्लिमेपिराइड १० टक्क्यांवर जाईल जवळपास तीन तासांवर. आणि मेटफॉर्मिन? ते जवळपास जागचं हलणार नाही. मुळात सी-१८ च्या साखळ्यांनी त्याला धरलेलंच नव्हतं, मग त्यांची पकड वाढवून काय होणार?

मग जुन्या कॉलमवर ते ४.१ ला कसं येत होतं?

आमच्याकडे वारशाने आलेली एक मेथड (मोजायची ठरलेली कृती) होती. फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं क्षाराचं पाणी) १० मिलिमोलर, पीएच ६, सोबत ॲसिटोनायट्राइल, आयसोक्रॅटिक (मिश्रण शेवटपर्यंत तेच). मेटफॉर्मिन ४.१ मिनिटांना, ग्लिमेपिराइड ९ ला. दिसायला सुंदर. फक्त ती एकाच कॉलमवर चालायची. तो कॉलम एका सीनिअरच्या ड्रॉवरमध्ये, रुमालात गुंडाळलेला. त्याला सगळे "लकी" म्हणायचे. असा एक कॉलम बहुतेक लॅबमध्ये सापडतो, आणि तो कुणाच्या ताब्यात आहे यावरून भांडणंही होतात.

लकीची प्लेट संख्या (पीक किती अरुंद येतं याचं माप) घसरू लागली तेव्हा त्याच ब्रँडचा, त्याच नावाचा नवा कॉलम आला. मेटफॉर्मिन २.९ ला. दुसरा मागवला, तेच. तिसरा, तेच. तिघांचेही उत्पादकाचे टेस्ट क्रोमॅटोग्राम अगदी नीट. तरी आम्ही दोन परत पाठवले. आज त्याची लाज वाटते.

उत्तर मिळालं ते एका स्वस्त प्रयोगातून. हा प्रयोग सगळ्यात आधी करावा आणि सगळे सगळ्यात शेवटी करतात: बफरची तीव्रता दुप्पट करा. पीएच तोच, ऑरगॅनिक तेवढंच. लकीवर १० चं २० मिलिमोलर केलं आणि मेटफॉर्मिन ४.१ वरून ३.३ ला आलं. ग्लिमेपिराइड होतं तिथेच. आता के मोजा. ४.१ ला ०.६४, ३.३ ला ०.३२. बरोबर निम्मा. क्षार दुप्पट, पकड निम्मी: एकेरी भाराच्या आयन एक्स्चेंजची ही सहीच म्हणायची.

म्हणजे मेटफॉर्मिनला धरून ठेवत होते सिलानोल. सिलिकाच्या पृष्ठभागावर झाकायचे राहून गेलेले ते ओएच गट पीएच ४–५ च्या वर ऋण भार घेतात आणि धन भाराच्या मेटफॉर्मिनला ओढतात. नव्या कॉलममध्ये उत्पादकाने मेहनतीने एंडकॅपिंग करून हे गट झाकलेले असतात. लकीवर मेथड बसवण्याआधी वर्षभर पीएच २ च्या मेथडी चालल्या होत्या. एंडकॅपिंग झिजलं होतं, सिलानोल उघडे पडले होते, आणि आपण त्या झीजेलाच मेथड समजून बसलो होतो. पीएच ६ वरून ३ वर आणलं की सिलानोलांचा भार जातो. तेव्हा लकीवरही मेटफॉर्मिन सरळ व्हॉइडमध्ये गेलं. पुरावा पक्का झाला.

टेलिंगकडेही (पीकमागे शेपटी किती लांबते त्या आकड्याकडे) आम्ही काणाडोळा केला होता. टेलिंग १.८ यायचं, मर्यादा २.० होती, म्हणून पास. सिलानोलवर टेकलेल्या अमाइनचं पीक शेपटी सोडतंच. ती शेपटी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती.

त्या पीएच ६ बद्दलही थोडं बोलायला हवं. ग्लिमेपिराइडमधल्या सल्फोनिलयुरिया गटाचा पीकेए पाच-सहाच्या घरात आहे. म्हणजे पीएच ६ ला तो रेणू कुंपणावर बसलेला. बफर ५.९ झाला की एका बाजूला झुकणार, ६.१ झाला की दुसऱ्या. त्यात फॉस्फेटचे पीकेए २.१ आणि ७.२. सहाला त्याची धारण क्षमता बेताचीच, पाचला तर नावापुरती. पाचला अॅसिटेट घ्या, पावणेचारला फॉर्मेट. "फॉस्फेट पीएच ५.०" अशी मेथड हातात आली की ती लिहिणाऱ्याने बाटलीवरचं लेबल पाहिलं, पीकेए नाही, असं समजावं. आणि पीएच नेहमी ऑरगॅनिक मिसळण्याआधी, नुसत्या पाण्याच्या भागाचा मोजायचा. मिसळल्यावर मीटर जो आकडा दाखवतो तो रोज वेगळा माणूस वेगळा वाचतो.

सोमवारचा आजार

हा वेगळा रोग आहे, पण लक्षण तेच असल्यामुळे हमखास गल्लत होते. इम्प्युरिटीची (औषधातल्या अशुद्ध द्रव्यांची) ग्रेडियंट मेथड, म्हणजे जिच्यात ऑरगॅनिक हळूहळू वाढवत नेतात, १०० टक्के बफरने सुरू होते, कारण मेटफॉर्मिनच्या सोबत्यांना (सायनोग्वानिडीन, मेलामाइन) थोडं तरी धरायचं असतं. शनिवारी पंप बंद झाला, किंवा पावसाळ्यात लाइट गेली आणि यूपीएसच्या बॅटऱ्या दमलेल्या निघाल्या. पंप परत चालू केला तर पहिल्या इंजेक्शनमध्ये सगळं पुढे आलेलं. दुसऱ्यात सगळं जागेवर. मग लॅबमध्ये अलिखित नियम तयार होतो: "पहिलं इंजेक्शन धरायचं नाही." ऑडिटरला हे वाक्य ऐकवून बघा.

होतं असं की सी-१८ ची छिद्रं तेलकट असतात. शुद्ध पाणी त्यांत राहतं ते दाबामुळे. पंप थांबला, दाब उतरला, की छिद्रं पाणी बाहेर ढकलतात आणि कोरडी पडतात. परत पंप चालू केला तरी नेहमीच्या दाबाला पाणी आत शिरत नाही. कॉलमचा बहुतेक पृष्ठभाग छिद्रांच्या आत असतो, तो आता कुणाच्याच वाट्याला येत नाही. पहिल्या रनच्या शेवटी ग्रेडियंट ८० टक्के ॲसिटोनायट्राइलला पोचतो, छिद्रं पुन्हा भिजतात, म्हणून दुसरं इंजेक्शन बरोबर.

सिलानोलच्या दुखण्यापासून हे वेगळं कसं ओळखायचं? युरासिल मारा, म्हणजे कॉलमवर न थांबणारा, टी-शून्य दाखवणारा रेणू. सिलानोलच्या भानगडीत युरासिल अडीच मिनिटांनाच येतो, टी-शून्य बदलत नाही. छिद्रं कोरडी पडली असतील तर युरासिलसुद्धा पुढे येतो, पावणेदोन-दोनच्या आसपास, कारण छिद्रांमधला द्रवच हिशोबातून गेलेला असतो. तुमचं मेटफॉर्मिन जुन्या टी-शून्यच्याही आधी आलं असेल तर दुसरं काही शोधत बसू नका.

उपाय सोपा. ५०–६० टक्के ॲसिटोनायट्राइल किंवा मिथेनॉल १५–२० मिनिटं सोडा, मग परत बफर. मात्र बफरच्या जागी आधी साधं पाणी सोडून मग ऑरगॅनिक. फॉस्फेट कॉलममध्ये असताना थेट ९० टक्के ॲसिटोनायट्राइल सोडलं तर क्षार आतच साखळतो, आणि पुढचे दोन दिवस फ्रिट (कॉलमच्या टोकाची जाळी) उलटा धुण्यात जातात. कायमचा उपाय म्हणजे सुरुवात ३–५ टक्के ऑरगॅनिकने करणं, किंवा १०० टक्के पाण्यासाठी बनवलेला कॉलम घेणं. कॅटलॉगमध्ये ज्यांच्या नावात एक्यू असतं ते बहुधा याच कामासाठी असतात. पण एक लक्षात ठेवा: एक्यू कॉलम छिद्रं ओली ठेवतो, मेटफॉर्मिनला धरत नाही. एक्यू आणला आणि पीक तरी व्हॉइडमध्येच, ही तक्रारही मी ऐकलीय.

डायल्युएंट

ग्लिमेपिराइड विरघळावं म्हणून गोळी मिथेनॉलमध्ये काढली आणि २० मायक्रोलिटर मारले, तर मेटफॉर्मिनचा काही भाग मिथेनॉलच्या लोंढ्याबरोबर वाहून जातो आणि उरलेला मोबाइल फेजमधून, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रवातून, येतो. जुळं पीक दिसतं. ग्लिमेपिराइडला काहीच होत नाही, ते मागे निवांत असतं. त्यामुळे लोक कॉलमला दोष देतात: हेड (कॉलमच्या तोंडाचा भरणा) खचलं, बदला. हेड खचलं असेल तर दोन्ही पीक बिघडतील. फक्त पहिलंच फुटलं असेल तर २० चं ५ मायक्रोलिटर करून बघा. पीक जुळलं की दोषी डायल्युएंट.

डायल्युएंटमध्ये पाणी वाढवायची घाई मात्र करू नका. आम्ही एकदा पाण्याचं प्रमाण वाढवलं, बफर आम्लधर्मी होता, आणि ग्लिमेपिराइडचा ॲसे (गोळीत किती सापडलं तो आकडा) ८८ टक्के आला. द्रावण डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं. बारीक साका ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरवर अडकला होता. न गाळता सेंट्रिफ्यूज केलेलं आणि गाळलेलं अशी तुलना केल्यावर उलगडा झाला. नायलॉन फिल्टर असलं औषध स्वतःही थोडं पितो, म्हणून पहिले काही मिलि टाकून द्यायचे. हे सगळ्यांना माहीत असतं, घाईत कुणी करत नाही.

शिवाय ५०० ला १ हे प्रमाण. गोळी १०० मिलित काढली तर मेटफॉर्मिन मिलिला ५ मिलिग्रॅम, ग्लिमेपिराइड फक्त १० मायक्रोग्रॅम. मेटफॉर्मिन २३२ नॅनोमीटरला जोरात शोषतं, ग्लिमेपिराइड २२८ ला. म्हणजे वेव्हलेंग्थ बदलूनही सुटका नाही. त्या द्रावणाला मेटफॉर्मिनचं पीक डोकं कापल्यासारखं सपाट येतं. डिटेक्टर बुडाला. एकाच इंजेक्शनमध्ये दोघं मोजायचा हट्ट असेल तर तो सोडा. तेच द्रावण ग्लिमेपिराइडसाठी, आणि त्याचं पन्नास-शंभरपट पातळ केलेलं मेटफॉर्मिनसाठी.

ग्रेडियंट मेथड एका मशीनवरून दुसऱ्यावर नेताना फक्त पुढची पीक सरकली तर ड्वेल व्हॉल्यूम (द्रव मिसळतात तिथून कॉलमपर्यंतचं आकारमान) बघा. क्वाटर्नरी आणि बायनरी पंपांत तो सहज अर्धा-एक मिलिने वेगळा असतो. आणि रनगणिक थोडं थोडं सरकत असेल तर रि-इक्विलिब्रेशन (पुढच्या रनआधी कॉलम सुरुवातीच्या मिश्रणावर परत आणणं) अपुरं आहे, दहा कॉलम व्हॉल्यूम तरी द्या.

मग करायचं काय?

आयन-पेअर हा पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात येतो. हेक्झेन किंवा हेप्टेन सल्फोनेट बफरमध्ये टाकलं की ते सी-१८ वर बसतं, कॉलम ऋण होतो, मेटफॉर्मिन थांबतं. चालतं, फार्माकोपियांतही (औषधांच्या मानकग्रंथांतही) ही युक्ती आहे. पण ग्लिमेपिराइडसाठी ४०–५० टक्के ॲसिटोनायट्राइल लागतं आणि तेवढ्यात लहान सल्फोनेट कॉलमवर टिकत नाही. लांब शेपटीचं घेतलं तर कॉलम तयार व्हायला अर्धा दिवस. ग्रेडियंट तर विसराच. शिवाय एकदा आयन-पेअर गेलेला कॉलम पुरता धुऊन निघत नाही. त्यावर मार्करने लिहून ठेवा आणि दुसऱ्या कामाला देऊ नका.

हिलिक म्हणजे दिशाच उलटी: कणांवर पाण्याचा थर, वरून ऑरगॅनिक. खरं तर तीच मूळ दिशा. मार्टिन आणि सिंज यांनी १९४१ मध्ये सिलिकावर पाणी धरून वरून क्लोरोफॉर्म सोडला होता, १९५२ चं नोबेल त्या पार्टिशन क्रोमॅटोग्राफीसाठीच. नंतर फेज उलटे केले म्हणून आपल्या सी-१८ ला रिव्हर्स्ड फेज म्हणतात. अँड्र्यू आल्पर्ट यांनी १९९० मध्ये पाण्याच्या थराच्या त्या कल्पनेला हिलिक हे नाव दिलं. ८० टक्क्यांच्या वर ॲसिटोनायट्राइल, थोडा अमोनियम फॉर्मेट, आणि मेटफॉर्मिन ऐटीत मागे थांबतं. पण आता ग्लिमेपिराइड व्हॉइडमध्ये! दुखणं एका पायातून दुसऱ्या पायात. डायल्युएंटचा नियमही उलटतो, इथे पाणीच पीक फोडतं. फॉस्फेट चालत नाही, साका होतो. नुसत्या मेटफॉर्मिनसाठी, विशेषतः मास स्पेक्ट्रोमीटर असेल तर, हिलिक उत्तम. जोडीसाठी नाही.

आम्ही शेवटी मिक्स्ड मोडवर गेलो: एकाच कणावर सी-१८ ची साखळी आणि कॅटायन एक्स्चेंजचा (धन भार धरणारा) गट. म्हणजे लकीवर अपघाताने जे घडत होतं तेच, पण ठरवून, मोजून, उत्पादकाच्या जबाबदारीवर. दोन वेगळ्या दोऱ्या हातात येतात. आधी ॲसिटोनायट्राइल बदलत ग्लिमेपिराइड हव्या त्या वेळेला आणायचं. मग ते न हलवता क्षार कमी-जास्त करत मेटफॉर्मिन हवं तिथे बसवायचं. फॉर्मेट बफर, कारण फॉस्फेटची ॲसिटोनायट्राइलबरोबर कटकट नको. आयसोक्रॅटिक राहतं, टेलिंगही उतरलं.

फुकट मात्र काही नाही. कॉलम महाग आहे. बफर वजनात १० टक्के चुकला तर मेटफॉर्मिनचा के तेवढाच चुकतो. चांगल्या सी-१८ वर ही चूक कधी दिसलीच नसती. म्हणून मेथडमध्ये "अंदाजे" हा शब्द नाही आणि ओल ओढणारं अमोनियम फॉर्मेट डेसिकेटरमध्ये. रोबस्टनेसमध्ये (छोट्या बदलांत मेथड टिकते का त्या तपासणीत) पीएच आणि ऑरगॅनिकबरोबर क्षाराची तीव्रताही मुद्दाम हलवून पाहा. आणि हा बदल यूएसपीच्या (अमेरिकेच्या फार्माकोपियाच्या) ६२१ व्या प्रकरणातल्या सवलतीत बसत नाही. तिथे कॉलमची लांबी, कणाचा आकार, ग्रेडियंट यांना मोकळीक आहे, स्थिर फेजची रसायनं बदलायला नाही. पूर्ण व्हॅलिडेशन (मेथड भरवशाची आहे हे नव्याने सिद्ध करणं) लागलं. क्यूएबरोबर (गुणवत्ता विभागाबरोबर) दोन महिने गेले.

लकी अजून ड्रॉवरमध्ये आहे. नवीन मुलं रुजू झाली की तो, एक नवा सी-१८, युरासिल, आणि १० व २० मिलिमोलर बफरच्या दोन बाटल्या त्यांच्या हातात देतो आणि मेटफॉर्मिनचे चार रन मारायला सांगतो. मागच्या वेळी एका मुलीने चौथा रन संपायच्या आधीच विचारलं, "सर, मग ते परत पाठवलेले दोन कॉलम परत मागवता येतील का?"